दुधाशेजारची कुपी

जयलक्ष्मी थकली होती. आजची दगदग नव्हे हो, वर्षानुवर्षांची. कुंभकोणमच्या एका कॉलेजात दिवसभर रसायनशास्त्र शिकवायचं आणि उरलेल्या जिवावर पीएचडी रेटायची. रुथेनियम धातूला कार्बनचं कडं जोडून ती संयुगं बनवी. कर्करोगाच्या पेशीतल्या डीएनएला ही संयुगं घट्ट चिकटली तर पेशीची वाढ थांबेल, ही आशा. पहिलं संयुग पाण्यात विरघळेना. दुसरं विरघळलं, चिकटलंही, आणि सकाळपर्यंत फुटून गेलं. तिसरं तपासायला तंजावरच्या यंत्रावर उद्याचा एकच दिवस मिळाला होता. त्यानंतर तिचे मार्गदर्शक सर निवृत्त होणार होते, म्हणजे सगळंच संपलं.

आणि नेमका आज कॉलेजचा फ्रिज बंद पडावा! तपासणीला लागणाऱ्या डीएनएची कुपी बर्फात घालून ती गावालगतच्या मेलकावेरीला घरी आली आणि कुपी फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवून दिली.

"हें काय गे?" आईनं, सुब्बलक्ष्मीनं, आपल्या तंजावरी मराठीत विचारलं.

"औषधाचं आहे." समजावत बसायचं त्राण कुणात होतं?

औषध म्हटल्यावर म्हातारीनं काय करावं? लेकीला यश येवो म्हणून कुपी उचलली आणि निघाली देवघरात, समईपाशी ठेवायला.

"अय्यो, देवापुढे नको!" जयलक्ष्मी ओरडली. "वासराचं आहे ते. मेलेल्या वासराच्या ग्रंथीतून काढलेलं. आणि गरम झालं तर माझं सगळं फुकट जाईल!"

आईनं कुपी जागेवर ठेवली, आंघोळ केली आणि अबोला धरला. जन्मभर सोवळं पाळलेली बाई ती! सकाळी कुपी उकिरड्यावर दिसणार, या धास्तीनं जयलक्ष्मीचा डोळा लागेना. रागवावं, तर आईचं तरी काय चुकलं?

उजाडताच तिनं फ्रिज उघडला. दूध नाही, दही नाही, इडलीचं पीठ नाही. आत एकटी कुपी तेवढी. बाहेर काढून ठेवलेलं दूध ओट्यावर नासलं होतं, आणि घट्ट दुधाच्या कॉफीवर वाढलेली आई चक्क काळी कॉफी पीत बसली होती.

"वासरूं तर गेलेंच बिचारें," ती म्हणाली. "तुजें तरी काम होऊं दे."

जयलक्ष्मीला रडू आवरेना. संयुग चिकटेल की नाही, देव जाणे. तिनंही तसलीच कडू कॉफी ओतून घेतली, उभ्याउभ्या प्यायली आणि कुपी बर्फात घालून तंजावरची बस गाठायला निघाली.