साबुदाण्याची बिअर आणि माझा मूतखडा

त्या हिवाळ्यात कॅल्गरीतल्या आमच्या कंपनीने बऱ्याच इंजिनिअरांना घरी बसवलं. त्यात मीही होतो. शेजारचे गृहस्थ गॅरेजमध्ये बिअर बनवायचे, त्यांच्या नादाने मीही सुरू केलं. हलकी बिअर हवी असेल तर मोड आलेल्या बार्लीच्या जोडीला तांदूळ किंवा मका घाल, असं त्यांनी सांगितलं. बायकोने तांदळाच्या डब्याला हात लावू दिला नाही.

"आंबेमोहर आहे तो. साबुदाणा घे हवा तर. आईने बॅग भरून आणलाय, जसा काही इथे मिळतच नाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई, नुकत्याच सांगलीहून आलेल्या. घरात बिअर शिजणार हे त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. त्यांनी बार्लीच्या पिशवीकडे बघून विचारलं तेव्हा म्हणालो, "बार्लीचं पाणी करतोय, आई." तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

साबुदाणा शिजून त्याची चिकट खळ झाली. बार्ली भरडून आणायला मी शेजारी गेलो. परत येतो तर पातेलं अर्धं रिकामं. सासूबाई बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसजवळ, जुना शॉवर कर्टन अंथरून पळीने पापड्या घालत होत्या.

"इथली हवा काय कोरडी आहे हो! सांगलीला उन्हाळ्यातसुद्धा अशा वाळत नाहीत."

"आई, यात काही घातलंत का?"

"मीठ, जिरं आणि वाटलेली मिरची. तुम्ही तर काहीच घातलं नव्हतं!"

उरलेली खळ फेकवेना. तिच्यात बार्ली आणि गरम पाणी मिसळलं. तासाभरात ती पातळ आणि गोड झाली. मग गाळली, हॉप्सची कडसर फुलं घालून उकळली, बादली मागच्या अंगणात बर्फात रोवून गार केली, यीस्ट टाकलं आणि बेसमेंटमध्ये ठेवून दिली. एका बाजूला पापड्या वाळत होत्या, दुसऱ्या बाजूला बादली बुडबुडत होती.

इकडे सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की जावईबापूंना मूतखडा झालाय, पण ते कुणाला बोलत नाहीत. नाहीतर बादलीभर बार्लीचं पाणी कोण करतं? पुण्याहून कुळथाच्या कढणाची कृती आली. इथल्या मराठी मंडळातल्या एक बाई गरम पाण्याची पिशवी देऊन गेल्या. शेवटी मंडळातले एक रिटायर्ड डॉक्टर बर्फ तुडवत घरी आले. तोवर बिअर बाटल्यांत भरून तयार झाली होती.

"दुखतं कुठे?"

"कुठेच दुखत नाही, काका."

"मग ते पाणी दाखवा बघू."

मी त्यांना बेसमेंटमध्ये नेलं, बाटली उघडली. ग्लासात फेस चढला. त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, मग घोट घेतला.

"जिरं?"

"हो."

"मिरचीपण?"

"तीही आहे."

"आणखी एक ग्लास द्या. निदान नीट व्हायला हवं."

वर येऊन त्यांनी गंभीर चेहऱ्याने सासूबाईंना सांगितलं, "खडा बारीक आहे, पण उपचार लांबतील." त्यानंतर दर शनिवारी ते मला तपासायला येऊ लागले. पुढे दुसरं मत हवं म्हणून आणखी दोघांना घेऊन आले. बायको हसू दाबत वर पापड्या तळायची.

एका शनिवारी सगळे गेल्यावर सासूबाई जिना उतरून खाली आल्या.

"मलाही लघवीला जरा जळजळतंय. द्या अर्धा ग्लास."

नाही कसं म्हणणार? त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, मग दुसरा घेतला.

"तुमचे सासरेही असंच पाणी प्यायचे, जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांनाही खडा होता म्हणे, तीस वर्षं."

त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला.

"साबुदाण्याचं आहे ना? मग उपासाला चालेल?"

"बार्ली आहे त्यात, आई. नाही चालणार."

"मग भरा अजून थोडं. उद्या एकादशी आहे."