पहिला डबा मिरचीवाल्याच्या घरी

वडील गेल्यावर आमचं घर चाललं ते आक्काच्या हातांवर. आक्का, माझी थोरली बहीण, शाळा सोडून शिवाजी पेठेतल्या एका कांडप गिरणीत मिरचीची देठं खुडायला जायची. रात्री हातांची अशी आग व्हायची की भाकरी मोडून द्यायला ती मलाच सांगायची. त्या हातांवर मी बी.कॉम. झालो, घरातला पहिला. हे मी मान वर करून सांगतो.

तिला जाऊन महिना झाला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी आमच्या चटणीची पाकिटं मोजत होतो, फोन ठेवून उरलेलीही मोजली... रडू अजून आलेलं नाही.

गिरणीतल्या त्या दिवसांनंतर तिनं स्वतःचा चटणीचा धंदा सुरू केला, मीही त्यात आलो. मिरची मुरगूडकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांची. रीत एकच, नव्या मालाचा पहिला डबा विकायचा नाही. ज्याची मिरची, त्याच्या घरी तो न्यायचा आणि त्यांच्याच पंगतीला बसून जेवायचं. पिकावर काय मारलंय ते मालक सांगणार नाही, पण पोराच्या ताटात वाढताना त्याचा हात अडखळेल, असं तिचं म्हणणं.

एकदा पुण्याच्या दुकानाची मोठी मागणी आली. तोवर एवढी कधी आली नव्हती. मिरची कमी पडली म्हणून एका व्यापाऱ्याची पोती घेतली. चटणी लालभडक झाली. रीतीप्रमाणे आम्ही डबा घेऊन त्याच्या घरी पंगतीला बसलो. त्यानं तो न उघडताच बाजूला सारला आणि हसून म्हणाला, "आक्का, ही मिरची धंद्याची. घरातली येगळी असती की."

आक्का भरल्या ताटावरून उठली. "तुमच्या घरातली येगळी, मग लोकांची घरं काय उकिरडा हाईत व्हय?"

सगळा माल तिनं खड्ड्यात पुरला. पुण्याला खरं कारण कळवलं. त्यांचा पुन्हा फोन आला नाही. ते वर्ष आम्ही कसंबसं काढलं, पण मुरगूडचे शेतकरी आमच्याबरोबर टिकले, हळूहळू वाढलेही.

परवा नवा माल निघाला. पहिला डबा घेऊन मी एकटाच मुरगूडला गेलो. शेतकऱ्याच्या घरी वहिनींनी सवयीनं आम्हा दोघांची ताटं मांडली, मग एक उचललं. त्यांच्या पोरांनी चटणी मागून घेतली. मीही जेवलो. तिखट होती, एवढंच कळलं...

आज आमच्या प्रत्येक पाकिटावर शेतकऱ्याचं नाव आणि गाव असतं. देठं खुडणाऱ्या बायकांना आक्कानं हातमोजे दिलेत. त्या आपली भाकरी आपल्या हातानं मोडतात.