बांगड्याच्या पेटीतलं तयार पीठ

मिठबावात रोझालिना मासे घ्यायला उभी राहिली की विकणारीचं तोंड आधीच वाकडं होतं. ही बाई कल्ला उचलणार, नाक आत घालणार आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणणार, "कालचो आसा." तो कालचाच असतो, म्हणून तर राग येतो.

साठीला टेकलेली बाई. नवरा लिनो बोटीवर खानसामा होता, तो वारला. लेक ग्लिनिस मडगावात नर्स. ही इथे एकटी पाव करते आणि टोपली डोक्यावर घेऊन चाळीसेक घरं फिरते. तिचा पाव यीस्टने नाही, माडीने फुगतो. दाजी सकाळी माडावरून उतरला की ताजी माडी आधी तिच्या दारात ठेवतो. पीठ मळून झालं की हाताच्या कडेने त्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, काढायचा, फडकं टाकायचं आणि बाजूला व्हायचं. सारखं उघडून बघायचं नाही. सासूने शिकवलेलं. "आता तां माझ्या हातात नाय," असं म्हणते आणि हात धुते.

गेल्या पावसाळ्यात माड आडवा झाला तो नेमका तिच्या भट्टीवर. तेव्हापासून वाळू घातलेल्या टोपात, खाली-वर निखारे ठेवून, एका वेळी आठ पाव. चाळीस घरांची पंधरा झाली. बाकीच्यांनी जामसंड्याहून येणारा पिशवीतला पाव धरला. तो आठवडाभर विटत नाही. जे विटत नाही ते अन्न कसलं, पण ते असो.

म्हणून तो ओव्हन. आमच्या बचत गटाला एका योजनेतून मोठा विजेचा ओव्हन मिळणार होता. अर्ज गटाची अध्यक्षा म्हणून मी केला, ओरोसच्या जिल्हा कचेरीत चार खेपा घालून, दोन साहेबांशी भांडून मंजूर मीच करून आणला. अट एकच होती. तीन दिवसांचं प्रशिक्षण, त्यात पहिली येईल तिच्या घरी ओव्हन बसणार. मी रोझालिनाला सांगितलं, "तुझ्यासाठीच आणलाय. फक्त तीन दिवस तोंड आवर."

प्रशिक्षण कसलं, तर तयार पिठाची सफरचंद पेस्ट्री. एप्रिल महिना. हॉलच्या कुंपणाबाहेर काजूची बोंडं कुजून पडलेली, त्यांवर माश्या. त्या आंबूस वासातून नाक धरून आत जायचं आणि आत टेबलावर प्रत्येकी एक स्टिकर चिकटवलेली सफरचंदं. बाहेर फळ सडतंय आणि आत बाया फळ विकत आणून शिजवतायत, हे कागदावर कोणाच्या तरी डोक्यातून उतरलं, त्यावर सह्या झाल्या. 

रोझालिनाने सफरचंदावरून नख ओढलं. नखात पांढरं आलं.

"मेणबत्ती कित्याक खावची गो?"

शिकवणारी संचिता मॅडम कोल्हापूरची, पोरगेलीच, गोड आवाजाची. "एकदम सोपं आहे, ताई. शीट चौकोनी कापायची. मध्ये सफरचंद, साखर, दालचिनी. त्रिकोणी घडी घालायची, काट्याने कडा दाबायच्या, वरून अंडं फासायचं, वीस मिनिटं. झालं."

"आनी पीठ कोणी मळला?"

"मशीनने."

"मगे बक्षीस मशीनीक देवा."

बाया हसल्या. मॅडमही हसली, पण वहीत काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी लाइनच्या कामासाठी दिवसभर वीज गेली. फ्रीज कोमट पडला. पिठाच्या शीटा गोठलेल्या राहायला हव्यात, नाहीतर चिकटतात. मॅडम गटातल्या सावित्रीला म्हणाली, "कुठेही ठेवा, पण थंड ठेवा," आणि देवगडला लॉजवर गेली.

आमच्याकडे थंड म्हणजे माशांची बर्फाची पेटी. लग्नातलं आइस्क्रीम तिथेच, म्हाताऱ्यांची इन्शुलिन तिथेच, फुलांचे हारसुद्धा. आजवर कुणाचं बिघडलं नाही, कारण त्या वस्तू डब्यात असतात. सावित्रीने पुठ्ठ्याचा खोका आहे तसा भाऊ बाबलीच्या पेटीत, बांगड्यांवर ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी खोका उघडला. पुठ्ठ्याचा लगदा झालेला. प्लास्टिक फाटून आत तांबूस पाणी शिरलेलं. वरच्या शीटवर एक खवला, चांदीच्या टिकलीसारखा. वासाबद्दल लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

"मॅडमान सांगला थंड ठेव, मी थंड ठेवलंय," सावित्री म्हणाली. ती रडकुंडीला आली होती.

मॅडम दोन पावलं मागे सरकली, मग पुढे आली. अकरा वाजता निकालाला योजनेचे साहेब येणार होते, दुसरा खोका कोल्हापूरहून येणं शक्य नव्हतं. "वरच्या शीटा काढून टाका. बाकीच्यांना दालचिनी जास्त घाला, साखरही. गरमगरम दिलं की कळत नाही."

रोझालिनाने खालची शीट उचलून माझ्या नाकापुढे धरली. "सारिका, वास घे गो. ह्या पिठान बांगड्याचा पाणी पिलेला आसा. ह्या पाव्हण्याक वाढूचा?"

आणि मी, जी गावभर ओरडते, रस्त्याच्या खडीवरून ठेकेदाराची गचांडी धरते, मी काय म्हटलं ते लिहिते. मी म्हटलं, "गप ऱ्हव. ओव्हन जायत हातातसून."

तिने शीट खाली ठेवली. माझ्याकडे जसं बघितलं तसं ती कालच्या माशाकडे बघते.

पिशवीतून तिने स्वतःचा गोळा काढला. पहाटे माडीत मळलेलं पीठ, वर खुरिसाची खूण अजून दिसत होती. मॅडमची सफरचंदं साल काढून घेतली, पीठ लाटलं, भरलं, दुमडलं, भाजलं. फुगलेल्या, जरा ओबडधोबड, तपकिरी करंज्या झाल्या. वास सुटला तसा हॉलमधल्या सगळ्या मान वळवून बसल्या. मॅडमने त्या चाखल्यासुद्धा नाहीत. "ताई, कोर्स तयार शीटचा आहे. हे मला धरता येणार नाही."

साहेब आले. हार, नारळ, दोन शब्द. बाकीच्या बायांच्या पेस्ट्र्या काचेच्या ताटलीत रचल्या आणि फोटोसाठी ती ताटली मॅडमने नेमकी रोझालिनाच्या हातात दिली, कारण वयाने मोठी, फोटोत बरी दिसते. साहेबांनी एक उचलली, चावली. जरा थांबले. गिळली.

"वा. काहीतरी वेगळीच चव आहे. कोकणची म्हणायची का ही?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. साहेबांनी दुसरी उचलली.

"साहेब, खाव नकात," रोझालिना म्हणाली. "पीठ माशांच्या पेटयेत ठेवलेला. ती चव बांगड्याची."

साहेबांचा हात तसाच राहिला. मॅडम छताकडे बघत होती. मागून कोणीतरी खोकलं. साहेबांनी पेस्ट्री ताटलीत परत ठेवली, रुमालाने ओठ पुसले, मग जीभ पुसली, आणि पुढचा कार्यक्रम आटोपशीर घ्या म्हणाले.

ओव्हन तन्वीच्या घरी गेला. तन्वी सरपंचांची भावजय. तिने तयार शीट नीट दुमडली होती, एवढं खरं. दोन महिने झाले, ओव्हनवरचं प्लास्टिक निघालेलं नाही. आत चांगल्या कपबश्या ठेवल्यात.

मी तक्रारअर्ज लिहिला. कसून लिहिला, पाच मुद्दे, शेवटी फेरनिवडीची मागणी. रोझालिनाकडे सहीला घेऊन गेले. ती टोपावरचे निखारे सारखे करत होती. मी वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं तिने.

"सावित्रीचा नाव कित्याक घातलंस? तिचा काय चुकला?"

मी सावित्रीचं नाव खोडलं.

"आनी तुझा खंय आसा?"

"माझं?"

"गप ऱ्हव म्हणालंस तां. तां लिव. मगे सही करतंय."

मी म्हटलं, त्याने अर्ज कमजोर होतो, ते लोक तेच धरून बसतील. तिने टोपाचं झाकण उचललं. पाव काढले, एक मोडला, वास घेतला, टोपलीत टाकला. मग हात पुसून माझ्याकडे बघत उभी राहिली.

तिच्या पायरीवर बसून सहावा मुद्दा लिहिला. पीठ खराब असल्याचे श्रीमती रोझालिना फर्नांडिस यांनी वेळीच सांगितले असता, गटाच्या अध्यक्षा या नात्याने मी त्यांना गप्प राहण्यास सांगितले. खाली माझी सही, शेजारी रोझालिनाची. ओरोसला अर्ज पोचल्याचा शिक्का आहे, उत्तर नाही. तिचा पाव अजून पंधराच घरी जातो. माझ्या घरी येतो, पण पायरीवर ठेवून जाते, हाक मारत नाही.