आक्काची तेलाची वाटी

समोसा मागितला की आक्का आधी विचारायची, "शुगर तपासली का?" नांदेडच्या आमच्या कचेरीत कँटीन चालवून गिऱ्हाईक परत पाठवणारी ती एकटीच बाई. माणूस वैतागला तर म्हणायची, "चिड, पण पाय सांभाळ."

देगलूरला तिचं नि नवऱ्याचं मिठाईचं दुकान होतं. शुगरनं नवऱ्याचा आधी पाय कापावा लागला, मग माणूसच गेला. "उरलेले गुलाबजाम टाकवत न्हवते. दुकान बंद करताना रोज मीच त्याला खाऊ घातले," हे ती झारा हलवता हलवता, कुणी न विचारता सांगायची.

मागच्या वर्षी वरून आदेश आला. कँटीनमध्ये तेल-साखरेचं प्रमाण सांगणारा फलक लावा, तळलेलं कमी करा. फलक आला आणि साहेबांच्या हुकमानं दाराआड लागला. दुसऱ्या दिवशी आक्कानं समोशांच्या परातीशेजारी वाटी मांडली. एका समोशात जातं तेवढं तेल तिच्यात. गुलाबजामांपुढं कागदावर साखरेची ढिगली.

"फलक कोण वाचायलंय? वाटी दिसती."

रोज चार समोसे खाणारे हेडक्लार्क म्हणाले, "आक्का, कँटीन चालवायलीस का दवाखाना?"

"दवाखान्यात लई दिवस काढले सायेब. तिथं समोसा मिळत न्हाई."

सगळे हसले. हेडक्लार्क हसले नाहीत.

समोसे उरू लागले, वाटी साहेबांच्या नि हेडक्लार्कांच्या डोळ्यांत खुपू लागली आणि आठवड्यात ठरलं, आक्काला काढायचं. तक्रार काय, तर अस्वच्छता. "तू ग्रॅज्युएट, तुझी भाषा पक्की. अर्ज तू लिही," हेडक्लार्क मला म्हणाले. माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. कुणी ग्रॅज्युएट म्हटलं की माझी छाती फुगायची. मी लिहिलं. तिची कढई आरशासारखी लख्ख असते हे ठाऊक असून लिहिलं, आणि झोकात लिहिलं.

साहेबांनी तोच अर्ज तिच्या हातात दिला. ती तो घेऊन माझ्या टेबलाशी आली. उभ्यानंच सगळा वाचला, सावकाश. मी फायलीत डोकं घालून बसलो.

"अक्षर लई चांगलं हाय तुझं," ती म्हणाली. कागद माझ्यापुढं ठेवला आणि भांडी आवरायला गेली.

ती कुठं गेली, मी विचारलं नाही. विचारायला तोंड नव्हतं. आता कचेरीत कुणी अर्ज लिहून मागितला, तर माझी भाषा कच्ची आहे म्हणून सांगतो.