भ्यालो म्हणायची लाज

आमच्या घराण्यात पुरुषमाणसं भीत नाहीत. निदान तसं सांगायची पद्धत आहे. साप निघाला की काका सगळ्यांच्या आधी ओट्यावर चढतात आणि वरून ओरडून दुसऱ्याला काठी आणायला लावतात. संध्याकाळी पारावर मात्र तो साप काकांनीच मारलेला असतो. आम्ही बायका ऐकून घ्यायचो, आत जाऊन हसायचो. ह्या फुशारकीपायी माझा धाकटा भाऊ जन्मठेपेच्या दारात उभा राहील, असं काही मला वाटलं नव्हतं.

मी चिकलठाण्याला राहते, शाळेत शिकवते. भाऊ कन्नडजवळ गावी शेती बघतो. शेजारच्या शेतवाल्याशी बांध कोरण्यावरून त्याची कुरबुर जुनीच. त्या दिवशी दुपारी भाऊ अद्रकीच्या रानात पाणी देत होता, हातात फावडं. शेजारी कुऱ्हाड घेऊन बांध ओलांडून आला. पहिला घाव भावानं डाव्या हातावर झेलला, दुसरा यायच्या आत फावडं घातलं. तो माणूस विहिरीकडेच्या दगडांवर पडला आणि पुन्हा उठला नाही. रानात त्या दोघांशिवाय कुणी म्हणजे कुणी नव्हतं.

आता ह्यात काकांचा संबंध काय? काडीचा नाही. ते कन्नडच्या बाजारात होते. पण कळल्याबरोबर गेले ते थेट पोलीस ठाण्यात, घरातला कर्ता माणूस म्हणून खबर द्यायला. एवढं मोठं आपल्या माघारी घडलं, हे सांगायला त्यांना कमीपणा वाटला. मग काय, सांगितलं ठोकून: "मी समोरच उभा व्हतो. पोरानं एक घातला, त्यो आडवा झाला. उठतो का काय असं दिसलं, तसा आनखी एक घातला. आमचं पोरगं कुनाला भीत नाय." पोलिसांनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि काकांनी खाली झोकात सही ठोकली.

झालं! सरकारला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार घरबसल्या मिळाला, तोही आरोपीचा सख्खा चुलता.

आमच्या वकीलबाईंनी तो कागद वाचून कपाळाला हात लावला. त्यांनी मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं समजावलं. जीव वाचवायला मारलं तर कायदा माफ करतो, पण आपला जीव जातोय ही भीती खरी असली पाहिजे, आणि ती असेपर्यंतच हात उचलता येतो. समोरचा पडला, हत्यार सुटलं, की तो हक्क तिथं संपला. त्यानंतरचा घाव म्हणजे खून. "आणि तो नंतरचा घाव तुमच्या काकांनी पदरचा घातलाय," बाई म्हणाल्या. शवविच्छेदनात डोक्यावर दोन जखमा निघाल्या होत्या, एक पुढं फावड्याची, एक मागं. मागची दगडाची की फावड्याची, एवढ्यावर माझ्या भावाचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

मी एसटीनं गावी गेले आणि काकांसमोर बसले.

"काका, साक्षीला बोलावतील तेव्हा खरं सांगा. मी तिथं नव्हतो म्हणा."

"म्हंजी भर कोर्टात मी खोटारडा? ह्या वयात?"

"तो आत सडेल हो."

"अगं, वाघावानी लढला म्हनून सांगितलं मी! इज्जत वाढवली त्याची."

"असल्या इज्जतीला लावा काडी," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काकांना असं बोलले आणि चहा न घेता निघाले. परतीच्या अख्ख्या प्रवासात माझं डोकं तापलेलं होतं.

आणि भाऊ? तो तरी कुठं शहाणा! तुरुंगात भेटायला गेले की जाळीपलीकडून मान खाली घालून बसायचा. शेवटी कोर्ट त्यालाही विचारणार, तुला काय सांगायचंय. मी म्हणायचे, "सांग की कुऱ्हाड बघून भ्यालो, जीव जाईल असं वाटलं, म्हणून एकच घाव घातला." तो जाळीवरचा गंज नखानं खरवडायचा. मग हळूच, "ताई, लोकं हसतील."

"आत हसायला कोण येणारे रे, मेल्या?"

शेवटी मी बाईच ना शाळेतली. दर भेटीला त्याच्याकडून वाक्य म्हणवून घेतलं, पोरांकडून पाढे घ्यावेत तसं. 'भ्यालो'पाशी यायचा आणि अडखळायचा. जन्मठेप चालेल, पण तो एक शब्द नको. काय म्हणावं ह्या पुरुषांच्या जातीला!

काकांच्या साक्षीला अदालत रोडच्या कोर्टात आमची निम्मी भावकी जमली होती. काका कडक इस्त्रीचं धोतर नेसून, नवी टोपी घालून, लग्नाला आल्यासारखे पिंजऱ्यात चढले. सरकारी वकिलांनी विचारलं ते सगळं त्यांनी पोपटासारखं सांगितलं, दोन्ही घावांसकट. वर हातवारे करून दाखवले. जज्जसाहेब खाली मान घालून टिपून घेत होते.

मग वकीलबाई उठल्या. आवाज एकदम मऊ.

"तुम्ही समोर होतात. पुतण्याला अडवलं का नाही?"

काकांनी डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली.

"पाय हलले नाहीत ना? वय झालंय. होतं असं."

"वयाचं काय नाय."

"म्हणजे कुऱ्हाड बघून घाबरलात आणि बांधाआड बसून राहिलात, बरोबर?"

काकांच्या मिशा थरथरल्या. "ओ बाई, तोंड सांभाळून! मी आन् लपेन? घाबरायला मी व्हतो का तिथं! मी बाजारात व्हतो कन्नडला, इचारा कुनालाबी!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं. काकांना आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. खाली उतरताना बाईला कशी गप्प केली, अशा थाटात त्यांनी माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला. एवढा मूर्खपणा माणसाच्या कामी येताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पुढं डॉक्टरांनी सांगितलं की मागची जखम दगडावर पडूनही होऊ शकते. कुऱ्हाडीवर भावाचं रक्त निघालं, त्याच्या हातावरच्या टाक्यांचा सरकारी दवाखान्याचा कागदही होता. शेवटी भावाला विचारलं तेव्हा तो भिंतीकडं बघत, अडखळत, पण बोलला: भ्यालो. निकालात लिहिलं होतं की कुऱ्हाड अंगावर येत असताना माणूस आपला घाव मोजूनमापून घालेल अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि दुसरा घाव सरकारला सिद्ध करता आला नाही. निर्दोष. गेलेल्या माणसाची बायको दर तारखेला मागच्या बाकावर येऊन बसायची. निकाल ऐकून ती उठली, पदर सावरला आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली. मला तिच्याकडं बघवलं नाही.

आम्ही गावी पोचलो तर काका वेशीत गुलाल आणि फटाक्यांची माळ घेऊन हजर! "आमचा वाघ सुटला!" म्हणून पोरांना नाचवत होते. गेलेल्याच्या बायकोचं घर तिथून चार घरांवर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माझ्याआधी भाऊच पुढं झाला.

"काका, ठिवा ती माळ. मी भ्यालो व्हतो."

"ते कोर्टापुरतं रे," काका हसले.

"खरंच भ्यालो व्हतो. आन् त्यो बी भ्यालेला व्हता. माझ्या हातावर मारली तवाच कुऱ्हाड सुटत आली व्हती त्याची, हात लटलट कापत व्हता. थांब म्हनलो असतो तर थांबला असता त्यो. मला दिसत व्हतं."

नाचणारी पोरं थांबली. काकांच्या हातातली काडी विझली. भावाला आणखी काहीतरी सांगायचं होतं, तोंड उघडलं होतं त्यानं. मी त्याचं मनगट धरलं, घराकडं ओढत नेला, दार लावून घेतलं आणि त्याला म्हणाले, "हे आता परत कुणापुढं बोलायचं नाही."