जंगलातला धंदा आणि गोठ्यातला पान्हा

मुलानं मला सांगलीला नेलं ते दवाखान्यात नाही, हॉटेलात. बायको जाऊन महिना झाला होता. दिवस घातले, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी ओसरीवर बसून भिंतीकडं बघत राहतो हे त्याला बघवेना. "आबा, चला, तेवढंच मन रमंल," म्हणाला. हॉटेलाच्या दारात कापडावर लिहिलं होतं, जंगलाकडून शिका धंदा. मी चौथीत शाळा सोडली ती जनावरं राखायला. म्हणजे ज्या शिक्षणासाठी मास्तरांचा मार खाऊन शाळा सोडली, तेच शिक्षण आता गार हवेत, जेवणासकट मिळणार होतं. मी गेलो.

शिकवणारे साहेब मूळचे साताऱ्याकडचे, पण बोलणं पुण्याचं. गळ्यात टाय, गालावर चिकटवलेला माईक. मागं पडद्यावर ट्रॅक्टरएवढा सिंह. सिंह कुणाला विचारत नाही की मी राजा आहे का, असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारचा बघत होता.

मग घार आली. घार म्हातारी झाली की म्हणे डोंगरावर जाऊन बसते, दगडावर आपटून चोच फोडते, नखं उपटून टाकते, मग सगळं नवं येतं आणि ती पुन्हा तरणी होते. तसंच आपण धंद्यात करायचं. आता घारी मी लय बघितल्यात. आमच्या कोंबडीची पिल्लं उचलताना त्यांची चोच जागच्या जागी असायची. चोच फुटलेली घार जन्मात एकदाच बघितली, ती बांधावर मरून पडली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांचा धंदा मात्र जोरात होता.

साहेब म्हणाले, कुणाला काय विचारायचं असेल तर विचारा. मी हात वर केला.

"सायेब, शिकार सिंह करतो का सिंहीण?"

"छान प्रश्न, आजोबा. शिकार बहुतेक सिंहीण करते. सिंह नेतृत्व करतो."

"म्हंजे झोपतो."

लोक हसले. मुलानं मान खाली घातली. मी बसलो. साहेबांची चूक काढायची म्हणून विचारलं नव्हतं. आमच्या घरात चाळीस वर्षं असंच नेतृत्व चाललं होतं, त्याला एवढं चांगलं नाव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी पडद्यावर हरणांचा कळप पळाला आणि खाली अक्षरं आली. कळप दुबळ्यासाठी थांबत नाही. मुलानं तेवढं वहीत लिहून घेतलं. ते मी बघितलं, आणि गाडीत काय निघणार हे मला तिथंच कळलं.

"आबा, एक बोलू?"

"बोल की. आज लय शिकून आलाईस."

"त्या म्हशीचं काय करायचं?"

मुलाचा कडेगावच्या रस्त्याला मोठा गोठा आहे. जर्सी गायी, मशीनवर धारा. रबराच्या नळ्या लावल्या की गाय उभ्या जागी दूध देते, कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. घरामागच्या जुन्या गोठ्यात मात्र एकच म्हैस, बायकोची. लग्नानंतर तिच्या माहेरहून जी म्हैस आली, तिच्याच वंशातली ही. बायकोला मिरजेच्या दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून हिनं पान्हा चोरला. रेडकू सोडलं की पान्हा सोडायची, आणि रेडकू बाजूला बांधून माणूस खाली बसला की कास दगडासारखी. सुनेनं बघितलं, शेजारणीनं बघितलं. मुलानं मशीन लावून बघितलं तर हिनं दावंच तोडलं. जनावरांच्या डॉक्टरनं सगळीकडून हात फिरवला आणि म्हणाला, म्हशीला काही झालेलं नाही, तिला माणूस सापडंना झालंय. त्याचं औषध त्याच्या पेटीत नव्हतं.

"अशीच ऱ्हायली तर आटंल ती," मुलगा म्हणाला. "मग कोण घेणार न्हाई. कळप दुबळ्यासाठी थांबत न्हाई आबा."

"मग मला कवा सोडतोस? मी तर तीन वर्सं झाली खुरपंबी हातात धरलं न्हाई."

"आवं, तुमी कुठलं कुठं न्हेता! आठ दिस बघू. रविवारी व्यापारी येतोय, मी शब्द दिलाय त्याला."

आठ दिवस. मुलगा वाईट नाही. त्याचं गणित बरोबरच होतं. पण माझं गणित वेगळं होतं. बायकोची लुगडी बहिणीनं नेली, एकच तेवढं मी मागून ठेवलं होतं. तिचा मोबाईल नातीला मिळाला. तिची खाट आवरून माळ्यावर गेली. सगळे कामाला लागले होते, लागायलाच पाहिजे. त्या घरात तिच्यावाचून अडलेले आम्ही दोघंच होतो, मी आणि म्हैस. त्यातली एक टेम्पोत चढली की मी एकटा नग उरणार होतो.

मग मी धार काढायला बसलो. जन्मभर जनावरं राखली, वैरण कापली, शेण काढलं, पण धार माझ्या हाताची नव्हे. पहिल्या दिवशी सरकी पेंड जादा घातली. म्हशीनं पेंड खाल्ली, ढेकर दिला आणि दूध दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गूळ घातला. तोही खाल्ला. गिऱ्हाइकाला आधी फुकट चारा, मग ते तुमचं होतं, असं साहेबांनी सांगितलं होतं. ही म्हैस शिबिराला आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सून हळूच म्हणाली, "मामा, आत्तींचं लुगडं गुंडाळून बसा." ही काही तिच्याच डोक्यातली युक्ती नव्हे. आमच्याकडं घरधनीण परगावी गेली की पुष्कळ गडी हेच करतात, फक्त चावडीवर सांगत नाहीत. मी ते ठेवलेलं हिरवं लुगडं धोतरावरून गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि चरवी घेऊन गोठ्यात शिरलो. नेमका तेव्हाच शेजारचा, माझ्या वयाचा, भिंतीवरून डोकावला.

"काय वैनी, बरं हाय न्हवं?"

"बरं हाय भावजी. तुमी अजून हायसाच व्हय?"

"जातोय की. कुंकू लावायचं राह्यलं बघा तुमचं."

तो हसायला लागला आणि मधेच थांबला. मीही थांबलो. तो भिंतीवरून खाली उतरल्याचं ऐकू आलं.

म्हशीनं पदर हुंगला. लय वेळ हुंगला. मला वाटलं जमलं. मग तिनं मान वळवून माझ्या मिशीकडं बघितलं आणि चरवीत पाय घातला. साहेबांनी पॅकिंगवर अर्धा तास घेतला होता. वेष्टन तेच आणि आत माल दुसरा, हे चालत नाही, एवढं म्हशीनं एका लाथेत शिकवलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी नुसताच बसलो होतो. बोटं दुखत होती. रेडकाचं दावं नीट बांधलं नव्हतं, ते सुटून आलं, त्यानं मला ढुसणी दिली आणि मी चरवीसकट शेणात बसलो. असा संताप आला की तोंडातून निघून गेलं, "ह्या बाबाला एक काम धड जमंल तर शपथ!"

म्हशीचा कान हलला.

हे वाक्य माझं नव्हतं. बायकोचं होतं, माझ्या हातून काही सांडलं की ती पुटपुटायची ते. मी तसाच उठलो, रेडकू बांधलं, परत खाली बसलो आणि तिच्यासारखा आवाज लांबवून म्हणालो, "बघ गं बाई, ह्या बाबाला एक काम धड जमंल तर शपथ." कास हाताखाली सैल झाली. सडात ऊब उतरली. चरवीच्या बुडात धारेचा तो आवाज झाला, जो महिना-दीड महिना त्या गोठ्यात झाला नव्हता.

पाव चरवी निघाली आणि पान्हा आटला. मी चरवी सुनेपुढं ठेवली. म्हटलं, "तुझी आत्ती म्हशीला ओव्या म्हणायची, त्या येतात का तुला? त्या म्हणून बघू." मला तेच ठाऊक होतं. ओसरीवर चहा पिताना गोठ्यातून तिचं गुणगुणणं ऐकू यायचं आणि मी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचो, आमची बायको म्हशीला ओव्या म्हणते बरं का.

सून पदराशी चाळा करत उभी राहिली. "मामा, त्या ओव्या न्हवत्या."

"मग?"

"तुमची गाऱ्हाणी."

आमच्यात सुनेनं सासूपुढं नवऱ्याबद्दल ब्र काढायची रीत नव्हती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, मग त्याला नावं ठेवणं तर लांबच. माझी आई होती कडक. मग माझ्याबद्दल जे काय असेल ते बायको सकाळसंध्याकाळ धारेला बसून म्हशीला सांगायची. पुढं आई वारली, आता मोकळेपणी मला तोंडावर बोलली असती तरी कोण अडवणार होतं? पण सवय लागली होती. आणि म्हशींनाही लागली. ही रेडकू होती तेव्हापासून माझ्या चुका ऐकत वाढली. माझी निंदा सुरू झाली की पान्हा फुटायचा.

साहेबांना हे कळवायला पाहिजे. धंदा वाढवायचा असेल तर मालकानं दिवसातून दोनदा खाली बसून आपल्या चुका म्हणाव्यात. याचं शिबिर मात्र भरणार नाही. भरलं तर जेवायलाही कोण थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मला आठवतील ती गाऱ्हाणी सांगितली. मेथी सांगितली तर कोबी आणला. पाहुण्यांसमोर भाजीला खारट म्हणालो. तीनच झाली आणि माझं संपलं. म्हशीनं माझ्याकडं बघितलं. एवढीच? मलाही तेच वाटलं. चाळीस वर्षांत माझ्या तीनच चुका असतील हे मला खरं वाटत होतं, म्हशीला नाही.

परत सुनेकडं गेलो. "आणि काय म्हणायची?"

"मला न्हाई ठावं."

"सांग गं. म्हशीपायी सांग."

मग तिनं सांगितलं, मान खाली घालून, भाकरी थापत. भाचीच्या लग्नाला निघताना तुम्ही त्यांना एसटी स्टँडवर विसरून मित्राच्या जीपनं पुढं गेलासा. माधवनगरला लुगडं आणायला गेलासा आणि स्वतःला लुंगी घेऊन आलासा. मी हसलो. लुंगी चांगली निघाली होती.

"आणि?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "पोटात दुखतंय म्हणायच्या. वरीसभर. म्हशीला म्हणायच्या, ह्यांना सांगितलं तर ओवा खा म्हणतील."

"मग तू का न्हाई सांगितलंस मला?"

"मला म्हणायच्या, मी म्हशीशी बोलतीया, तुझ्याशी न्हवं."

ओवा खा. मी म्हणालो होतो. तिनं मला एकदा सांगितलं होतं, एकदाच, आणि मी उठून फळीवरचा डबा काढून तिच्या हातात दिला होता. स्वतः उठून दिला म्हणून मला बरं पण वाटलं होतं. तिनं त्यातला चिमूटभर खाल्ला, मी बघितलं, आणि माझ्यापुरतं दुखणं संपलं.

शनिवारी मी गोठ्यात गेलो नाही. सून गेली, रिकामी परत आली.

रविवारी सकाळी टेम्पो दारात. व्यापारी म्हशीभोवती फिरला, शिंगांना हात लावला, कास दाबून बघितली आणि रुमाल काढला. रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची त्याची जुनी रीत. मुलानं हात पुढं केला.

"थांबा," मी म्हणालो. "धार काढायची हाय."

"आबा, आता कशाला?"

"दूध भरल्या म्हशीला टेम्पोत घालू नगं."

मी बसलो. रेडकू पाजून बाजूला बांधलं. मागं दोघं उभे. आधी लुंगीचं सांगितलं. व्यापारी मोठ्यानं हसला. मग एसटी स्टँडचं सांगितलं. तो आणखी हसला. चार धारा आल्या आणि थांबल्या. म्हशीनं मान वळवली.

धार काढणारा माणूस कपाळ जनावराच्या पोटाला टेकवून बसतो, त्यामुळं त्याचं तोंड कुणाला दिसत नाही. ही सोय बायकोला चांगली ठाऊक असणार. मी कपाळ टेकवलं आणि म्हणालो, "बघ गं बाई, वरीसभर पोटात दुखतंय. ह्यांना सांगितलं तर ओवा खा म्हणतील."

व्यापारी हसायचा थांबला. मी परत म्हणालो. किती वेळा म्हणालो ते मला सांगता येणार नाही. हात चालत होते, आणि फेस चरवीच्या काठावरून माझ्या पायावर आला तेव्हा मी थांबलो.

"न्हाई द्यायची," मुलगा मागं म्हणाला.

"मालक, शब्द दिलता की तुमी."

"दिलता. परत घेतला."

व्यापाऱ्यानं रुमाल झटकून खांद्यावर टाकला. जाताना मला रामराम घालून गेला, आल्यावर घातला नव्हता. टेम्पो वळला. मुलगा त्याच्या इस्त्रीच्या पँटीत शेणाशेजारी उकिडवा बसला. बराच वेळ तो म्हशीच्या खुराकडं बघत होता.

"आबा, ह्ये ओव्याचं खरं हाय?"

"व्हय."

मग तो म्हणाला, "माझं काय सांगायची आई हिला?"

"तुझं हिला कशाला सांगंल? तुझी गाऱ्हाणी मला सांगायची."

"मला कवा बोलला न्हाईसा."

"तू इचारलं न्हाईस."

त्यानं चरवी उचलून बाजूला ठेवली आणि नीट मांडी घालून बसला. "सांगा मग."

मी रेडकू सोडलं. ते आईला लुचायला लागलं. कुठून सुरू करावं हे मला ठरवता येईना, कारण त्याची यादी माझ्यापेक्षा लांब होती, आणि ती मला सगळी पाठ होती.