धोतराची सावली

ते झाड मी दुसऱ्याच्या अंगणात बघून घेतलं. आता कबूल करायला काय जातंय? मराठी मंडळातले एक काका होते, आमच्या वीस वर्षं आधी अमेरिकेत आलेले. त्यांच्या दारात लाल पानांचा जपानी मेपल होता. दिवाळीच्या फराळाला गेलेला प्रत्येक जण आधी त्या झाडापाशी थांबायचा, मग आत जायचा. मला तसं झाड हवं होतं. खरं म्हणजे झाडापाशी थांबणारी माणसं हवी होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शुगर लँड नावाच्या गरम, दमट गावात आम्ही घर घेतलं आणि मी नर्सरी गाठली. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी मला नीट बजावलं होतं. या झाडाला सकाळचं ऊन चालतं, दुपारचं नाही. इथल्या उन्हात पानं करपतात. घराच्या पूर्वेला, सावलीत लाव. पण सावलीत पानं तितकी लाल राहत नाहीत, हिरवट होतात, असंही त्या म्हणाल्या. मी नेमकं तेवढंच डोक्यात ठेवलं. आमच्या घराची पूर्व म्हणजे मागची बाजू. हिरवट झाड, तेही घरामागे, बघणार कोण?

त्याच वसंतात बाबा सहा महिन्यांसाठी आले. माझे बाबा नागपूरला एका सरकारी बागेत माळी होते. आयुष्यभर. हे वाक्य मी आज लिहितोय. तेव्हा मंडळात मी सांगायचो, बाबा उद्यान खात्यात होते. आमच्या लोकांत आडनाव विचारून झालं की वडील काय करायचे, हा प्रश्न ठरलेलाच. आमचं आडनाव ऐकल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, ते थांबणं मी शाळेपासून ओळखतो. उद्यान खातं म्हटलं की तो मनातल्या मनात बाबांना खुर्ची देऊन टाकायचा. मी कशाला काढून घेऊ?

बाबांनी आल्या आल्या अंगणात खड्डा खणला, त्यात पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. पाणी तसंच. ते खूश झाले. ही तर आपल्याकडची काळी माती, म्हणाले, हिला मी ओळखतो. मग मातीचा उंचवटा करून, मुळं कुजणार नाहीत अशा बेताने त्यांनी मेपल वर बसवला. जागेवरून मात्र आमचं वाजलं. इथं ऊन मारते, मागं लाव, असं ते तीनदा म्हणाले. मी पानांच्या रंगाचं कारण सांगितलं.

"हिरवं तर हिरवं," बाबा म्हणाले. "जगू दे ना बाबू त्याले."

मी ऐकलं नाही. घर माझं होतं ना!

जूनमध्ये पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. बाबांनी चार काठ्या रोवल्या आणि पश्चिमेच्या बाजूने स्वतःचं जुनं धोतर ताणून बांधलं. दुपारी झाड त्या सावलीत असायचं, दिवस मावळला की ते धोतर सोडून ठेवायचे. महिन्याभरात नवी पालवी आली, लाल, लुसलुशीत. आणि मी काय करत होतो? ऑफिसातून येताना कोपऱ्यावर वळलं की ते धोतर दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं. दारात असलं काही टांगलं तर कॉलनीच्या असोसिएशनचं पत्र येईल, असं मी बाबांना ऐकवायचो. पत्र कधीच आलं नाही. लाज माझी होती, असोसिएशन बिचारी उगीच बदनाम झाली.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी त्या काकांचा फोन आला, काकूंना घेऊन चहाला येतो म्हणून. बायकोची हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्यूटी होती. मी घर आवरलं, मग बाहेर जाऊन धोतर सोडलं, काठ्या उपटल्या आणि सगळं गॅरेजमध्ये टाकलं. बाबा बघत होते. आजचा दिवस तरी राहू दे, ऊन फार आहे, एवढंच ते म्हणाले. मी म्हटलं, तासाभराने काय होतंय? त्यांनी पाइप आणला आणि झाडाच्या बुडाशी पाणी सोडत उकिडवे बसले. डोक्याला पंचा, हातात खुरपं. आत येऊन कपडे बदला, असं मला म्हणता आलं असतं. पण मी ते म्हणायच्या आधीच गाडी आली.

काका उतरले, झाडाकडे गेले, वाकून पाहिलं. झाडावर ते खूश झाले. मग बाबांकडे नजर टाकून मला म्हणाले, "अरे वा, आपल्याकडचा माळी? कुठे मिळाला रे?"

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठले.

"मीच माळी, साहेब," ते म्हणाले. "गाडी जरा पलीकडं घ्या, झाडाले धग लागते."

काकांनी गाडी पलीकडे घेतली. मी त्यांना आत नेलं. चहा केला, चिवडा काढला. काकूंनी विचारलं, बाबा आलेत ना तुझे, दिसत नाहीत? मी म्हणालो, झोपलेत. पाऊण तास आम्ही एसीत बसून घरांबद्दल बोललो. खिडकीतून बाबा दिसत होते. झाडाच्या पश्चिमेला, उन्हाकडे पाठ करून ते उभे होते. धोतर नव्हतं, म्हणून स्वतः उभे होते.

पाहुणे गेल्यावर मी माफी मागायला हवी होती. मी विचारलं, चहा घेणार का? ते हो म्हणाले. झाल्या गोष्टीचं नावही त्यांनी काढलं नाही, माझ्या बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. धोतर मात्र परत बांधलं नाही. गॅरेजमधून काढलं, धुतलं आणि बॅगेत ठेवलं. आठवडाभरात सगळी पानं कागदासारखी करपली. बाबांनी परतीचं तिकीट अलीकडचं करून घेतलं. जायच्या आधी घरामागे, पूर्वेला, एक खड्डा खणून उंचवटा तयार केला आणि थंडी पडली की झाड इकडे हलव, असं सांगून गेले.

मी हलवलं नाही. कामं होती म्हणतो मी, पण मागे त्या खड्ड्याकडे जाववत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात झाड गेलं. मी ते बुडापासून कापलं आणि वर लॉन टाकून घेतलं.

बाबा पुन्हा अमेरिकेत आले नाहीत. दर रविवारी सकाळी मी फोन करायचो आणि ते दर वेळी झाडाबद्दल विचारायचे. मी सांगायचो, छान आहे. मागे हलवलंय. मग एका रविवारी त्यांनी विचारलं, तिथल्या सावलीत पानं हिरवी झाली का लालच राहिली? मी म्हणालो, लाल आहेत बाबा, एकदम लाल.



"मंग त्या साहेबाले सांग," बाबा म्हणाले, "माळी बरा होता म्हणून."